जुन्या तानपुऱ्याची दुरुस्ती

मंडळी, कांदाचाळीला खालून हवा का ठेवतात, हे लासलगावकरांना सांगायला नको. तानपुऱ्याचा भोपळाही वाळवलेलं फळच. दमटात राहिला की जोड सुटतात, धक्का बसला की तडा जातो.

मिरजेत 19व्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, ही वाद्यं घडवायला घेतली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे.

तडा सांधताना आपण आधी तारा उतरवतो, मग गरम सरस लावून दोरीने आवळतो, आतून कापडाची पट्टी. सरसच का? ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो. पन्नास वर्षांनी दुसरा कारागीर तोच जोड उघडू शकतो. इपॉक्सीने भरलेला जोड उघडायला गेलं, तर भोपळाच फुटतो. झटपट काम करून देणारे हे सांगत नाहीत!

जवारीचंही तसंच. घोडीचा माथा घासला की परत वाढत नाही. म्हणून आवाज बद्द आला, तर आधी तारेखालचं सूत हळूहळू सरकवून पाहायचं; पुष्कळदा तेवढ्यानेच झणकार येतो. तारेने माथ्यावर खाच पाडली असेल, तरच कानस. तीही चार हात फिरवायची आणि पुन्हा तार चढवून ऐकायचं.