डबीएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणि वॅटचा हिशेब

घरात चांगले गाणे ऐकता यावे म्हणून पूर्वी जो अ‍ॅम्प्लिफायर घेतला जाई, त्याचे वजन सहज आठ-दहा किलो भरे. आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा उष्णताशोषक आणि तासाभरात हाताला चांगलेच गरम लागणारे झाकण, असे त्याचे रूप होते. आज त्याच कामासाठी मिळणारा ‘डिजिटल’ अ‍ॅम्प्लिफायर कंपासपेटीहून फार मोठा नसतो. तो लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतो आणि फारसा तापतही नाही. त्याच्या खोक्यावर मात्र १०० वॅट, ३०० वॅट, कधी ६०० वॅट असे आकडे छापलेले असतात. एवढीशी डबी इतकी शक्ती खरोखर देते का? आणि आपल्याला ती इतकी हवी असते का?

हे प्रश्न दुकानदाराला विचारण्याआधी दहावीच्या भौतिकशास्त्राला विचारावेत, असे आम्ही सुचवतो. ओहमचा नियम आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एवढी शिदोरी त्यासाठी पुरते.

हिशेब हवेत राहू नये म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणू. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. समजा, तेथील एका घरात बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशी बैठकीची खोली आहे. वर टिनाचे पत्रे, मध्ये पंखा, भिंतीशी दोन स्पीकर आणि गाणी मोबाइलमध्ये. वीज अधूनमधून जाते आणि असते तेव्हाही संध्याकाळी तिचा दाब उतरतो. या घरासाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडायचा आहे.

अर्धवट उघडा नळ आणि खटका

मोबाइलमधून येणारा ध्वनीचा विद्युतसंदेश फार दुबळा असतो. अ‍ॅम्प्लिफायर तो संदेश केवळ ‘मोठा’ करत नाही. तो वीजपुरवठ्यातून ऊर्जा घेतो आणि संदेशाच्या चढउताराप्रमाणे स्पीकरला देतो.

जुन्या पद्धतीत हे काम ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळाप्रमाणे करतो. त्याच्या दोन टोकांमध्ये काही विद्युतदाब असतो आणि त्याच वेळी त्यातून प्रवाहही वाहत असतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि ही शक्ती ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता होऊन वाया जाते. पंख्याचा जुना, मोठ्या पेटीचा रेग्युलेटर आठवा. पंखा हळू फिरत असला की ती पेटी तापत असे, कारण उरलेला दाब तिच्यातील तारेच्या वेटोळ्यावर पडे. या पद्धतीच्या ‘बी’ वर्गातील अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता पूर्ण शक्तीवर जास्तीत जास्त ७८.५ टक्के असू शकते. पूर्ण शक्तीच्या दहाव्या हिश्शावर ती २५ टक्क्यांवर येते. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ५ वॅट देत असेल, तर तो २० वॅट घेतो आणि १५ वॅट नुसते तापण्यात घालवतो. घरात आपण बहुतेक वेळ या खालच्या टोकालाच ऐकत असतो.

नव्या पद्धतीत ट्रान्झिस्टर खटक्यासारखा वापरतात. तो एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. चालू असताना त्याच्यावरील दाब जवळजवळ शून्य, बंद असताना त्यातील प्रवाह शून्य. दोन्ही वेळी गुणाकार जवळजवळ शून्यच, म्हणून उष्णताही थोडी. पूर्ण शक्तीच्या आसपास अशा अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के असते. मोठा उष्णताशोषक लागत नाही, म्हणूनच पेटीची डबी झाली.

पण नुसत्या चालू-बंद करण्यातून गाणे कसे निघते? विजेच्या इस्त्रीचे उदाहरण घ्या. तिला ‘अर्धी चालू’ अशी अवस्था नसते. ती काही वेळ चालू, काही वेळ बंद राहते आणि तळपट्टीला सरासरी तापमान मिळते. येथे हेच काम सेकंदाला सुमारे चार लाख वेळा होते. ध्वनिसंदेशाची तुलना एका त्रिकोणी तरंगाशी सतत केली जाते. संदेश वर गेला की ‘चालू’ स्पंद रुंद होतो, खाली आला की अरुंद होतो. पुढे एक वेटोळे आणि एक धारित्र बसवलेले असते. ते या स्पंदांची सरासरी काढून देतात आणि ती सरासरी म्हणजेच आपले गाणे. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकतो, म्हणून खटक्याची गती त्याला जाणवत नाही.

स्पंदांची रुंदी हवी तितकी कमीजास्त होऊ शकते, तिला ठरावीक पायऱ्या नसतात. त्यामुळे या यंत्राला ‘डिजिटल’ म्हणणे फारसे बरोबर नाही. त्याचे तांत्रिक नाव ‘डी’ वर्ग. ए, बी, सी हे वर्ग आधीच ठरलेले होते, म्हणून पुढचे अक्षर डी. डिजिटलचा डी तो नव्हे. कल्पनाही नवी नाही. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९६४ मध्ये ‘एक्स-१०’ नावाचा असा संच विक्रीला आणला होता. त्या काळचे ट्रान्झिस्टर पुरेसे चपळ नव्हते, आणि तो संच जाहिरातीतील १० वॅट देऊ शकत नसे. खोक्यावरील आकडा आणि आतील शक्ती यांची फारकतही तेवढीच जुनी आहे!

वॅट येतात कोठून?

आपल्याकडे १९९०च्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ अशा चिठ्ठ्या असत. पीएमपीओ मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नव्हती. आजच्या डब्यांवरील आकडे तपासणे मात्र सोपे आहे, कारण अडॅप्टर बाहेर असतो आणि त्यावर व्होल्ट व अँपिअर लिहिलेले असतात.

या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट चालवली जातात. त्यामुळे स्पीकरवर जास्तीत जास्त अडॅप्टरच्या व्होल्टेजइतका दाब, दोन्ही दिशांनी, येऊ शकतो. त्याहून जास्त येणार कोठून? स्वच्छ साइन तरंगासाठी शक्तीचे सूत्र असे :

कमाल शक्ती = (व्होल्ट × व्होल्ट) ÷ (२ × स्पीकरचे ओहम)

अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल तर ४ ओहमच्या स्पीकरला १४४ ÷ ८ = १८ वॅट आणि ८ ओहमच्या स्पीकरला ९ वॅट. १९ व्होल्टला हेच आकडे सुमारे ४५ व २२ येतात, तर २४ व्होल्टला ७२ व ३६. ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षात थोडे कमीच मिळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची टीपीए३११६ ही चिप अशा अनेक डब्यांत असते. तिच्यासाठी २१ व्होल्ट व ४ ओहमला प्रत्येक बाजूस ५० वॅट असा आकडा दिला जातो. आपले सूत्र ५५ देते, तेव्हा सूत्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मात्र असे आकडे बहुधा १० टक्के विकृती मान्य करून दिलेले असतात, म्हणजे तरंगांचे शेंडे छाटले जात असताना. स्वच्छ आवाजासाठी त्यातून सुमारे पाचवा हिस्सा वजा करावा.

दुसरी मर्यादा प्रवाहाची. २४ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा अडॅप्टर ७२ वॅटच देऊ शकतो. कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी दोन्ही स्पीकर मिळून सतत ६५ वॅटच मिळतील. त्याच खोक्यावर ३०० वॅट लिहिलेले असतील, तर उरलेली ऊर्जा कोठून आली, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.

किती वॅट पुरेत?

आता स्पीकरकडे वळू. त्याच्या माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता ८८ डेसिबल’ असा आकडा असतो. याचा अर्थ, १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज. शक्ती दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो, आणि दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबलने. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट भासते. म्हणजे आवाज दुप्पट भासावा यासाठी शक्ती दसपट लागते! यावरून ५० वॅट आणि १०० वॅट यांतला फरक कानाला किती थोडा असेल हे लक्षात येईल.

आपल्या फुलसावंगीच्या खोलीत ऐकणारा स्पीकरपासून ३ मीटरवर बसला आहे. मोकळ्या जागेत या अंतराने सुमारे ९.५ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकरमुळे ३ वाढतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला सुमारे ८१.५ डेसिबल. भिंती आणि पत्रे ध्वनी परत फेकतात, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे जास्तच. ऐकण्यासाठी सरासरी ७५ डेसिबल भरपूर होतात. त्याला प्रत्येक स्पीकरमागे लागतो एक पंचमांश वॅट! तबल्याची थाप किंवा गायकाची उंच तान सरासरीच्या २० डेसिबल वर गेली असे धरले, तर त्या क्षणापुरते शंभरपट, म्हणजे सुमारे २२ वॅट लागतील. तात्पर्य, ८ ओहमचे स्पीकर आणि १९ ते २४ व्होल्टचा अडॅप्टर एवढ्यावर या खोलीची गरज भागते. स्पीकरची संवेदनशीलता ८८ ऐवजी ९१ असेल, तर निम्म्या वॅटमध्येच तेवढा आवाज मिळतो. म्हणून वाढीव पैसे द्यायचेच असतील, तर ते चांगल्या स्पीकरसाठी द्यावेत.

गावची वीज

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घरचा दाब उतरला की आतील दाबही त्याच प्रमाणात उतरतो. २३०चे १८० व्होल्ट झाले, तर उपलब्ध कमाल शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटून ६१ टक्के राहते. आजच्या अडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल, तर १८० व्होल्टलाही तो ठरलेलेच व्होल्ट देत राहतो. खरेदी करताना ही ओळ अवश्य वाचावी.

वीज गेल्यावर बॅटरीचा आधार. कापसाच्या फवारणीच्या पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते, हे या भागातील मुलांना ठाऊक आहे. तिच्यात ९६ वॅट-तास ऊर्जा असते. तिच्यातील निम्मीच वापरायची ठरवली आणि अ‍ॅम्प्लिफायर सरासरी ५ वॅट घेत असेल, तर नऊ तासांहून अधिक वेळ गाणी ऐकता येतील. सरासरी १५ वॅट घेणारा जुना अ‍ॅम्प्लिफायर तीन तासांत ती संपवील. फवारणीचा पंप मात्र घरात आणू नये, त्यावर औषधाचे अंश असतात. अशी बॅटरी वेगळी घ्यावी आणि तिच्या तारेत फ्यूज घालावा.

जोडताना

जुन्या घरांत दोन्ही स्पीकरची ऋण तार एकच ठेवून तीन तारांत काम भागवीत. येथे तसे करू नये. या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचे कोणतेही टोक ‘जमिनीला’ नसते. दोन स्पीकरची ऋण टोके एकत्र जोडली किंवा धातूच्या पेटीला टेकली, तर चिप जळू शकते. अडॅप्टरच्या पिनेची धन-ऋण बाजूही आधी तपासावी. शिवाय चार लाखांच्या गतीने चालणारा खटका रेडिओलहरी फेकतो. मीडियम वेव्हवर लावलेला रेडिओ जवळ नेऊन पाहावा. खरखर फार असेल, तर धातूची पेटी असलेला अ‍ॅम्प्लिफायर निवडावा आणि स्पीकरच्या तारा आखूड ठेवाव्यात.

वर्गात करण्याजोगे

मोबाइलवर २०० हर्ट्झचा स्वर निर्माण करणारे एखादे अ‍ॅप घ्या. नेहमी गाणे ऐकतो तेवढ्या आवाजात तो स्वर वाजवा आणि मल्टिमीटरच्या प्रत्यावर्ती दाबाच्या सर्वांत लहान पल्ल्यावर स्पीकरच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोजा. व्होल्टच्या वर्गाला स्पीकरच्या ओहमने भागा. १.५ व्होल्ट आले आणि स्पीकर ८ ओहमचा असला, तर उत्तर ०.२८ वॅट. यानंतर मुलांना निरनिराळ्या जाहिराती आणायला सांगा. अडॅप्टरचे व्होल्ट, अँपिअर, स्पीकरचे ओहम, सूत्राने आलेले वॅट आणि छापलेले वॅट असे पाच रकाने करून तक्ता भरून घ्या.

शेवटचा हिशेब कानांचा. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानते, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. ९२ डेसिबलला आठवड्याचे अडीचच तास उरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसरातील ध्वनीची मर्यादा आहे, आणि पातळ भिंतींमधून शेजाऱ्याकडे किती आवाज जातो हे प्रत्येकाला माहीत असते. खोक्यावरील मोठा आकडा पाहून खरेदी केलेली शक्ती एकतर वापरली जात नाही, नाहीतर कानांवर वापरली जाते. तेव्हा दुकानात जाताना तीनच आकडे टिपून न्यावेत : अडॅप्टरचे व्होल्ट व अँपिअर, स्पीकरचे ओहम आणि त्याची संवेदनशीलता. बाकीचे गणित कागदाच्या पाठीवर मावते.