परभणीच्या मातीतली पुस्तकं : प्रकार बदलला की वाचन कसं बदलतं

आज आपण पुस्तकांबद्दल बोलणार आहोत, पण हे परीक्षण नाही. पुस्तक वाचून मिटल्यावर चार-आठ दिवसांनी आपल्या मनात जे शिल्लक राहतं, त्याला आपण 'ठसा' म्हणू या. आम्ही काही जण मिळून गेली काही वर्षं वाचतो आणि वाचून झाल्यावर एकमेकांना हा ठसा सांगतो. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. ठसा नुसता पुस्तकाचा नसतो, तो साहित्यप्रकाराचाही असतो. कवितेकडून आपण जे मागतो ते कादंबरीकडून मागितलं, तर दोघींवरही अन्याय होतो. ही गोष्ट उदाहरणांनी समजून घ्यायची, एवढाच आजचा विषय.

उदाहरणं एकाच जिल्ह्यातली घेतली आहेत, परभणीची. शेतीच्या प्रयोगात रान एकच ठेवतात आणि वाण बदलतात, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. तसंच हे. परभणी म्हणताना जुना परभणी जिल्हा धरू या. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तिकडे गेलं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, त्याबरोबर वसमत, औंढा, नर्सी हा सगळा पट्टा गेला. नकाशावरची रेघ सरकली, पण बोली आणि बाजारहाट काही लगेच सरकत नाहीत.

आणखी एक कारण आहे, आणि ते जरा बोचणारं आहे. 'आपल्या भागातला लेखक' म्हटलं की आपण दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर न वाचताच त्याचा अभिमान बाळगतो, नाही तर न वाचताच त्याला 'प्रादेशिक' ठरवून बाजूला ठेवतो. दोन्हींत वाचन होतच नाही. तेव्हा आज अभिमान थोडा बाजूला ठेवू आणि वाचू.

ओवी-अभंग : डोळ्यांनी वाचलं तर अर्धंच हाती लागतं

सुरुवात जनाबाईंपासून. गंगाखेड हे त्यांचं गाव, गोदावरीच्या काठावरचं. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी आल्या आणि 'नामयाची दासी' म्हणून तिथेच राहिल्या. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात.

आम्ही हे अभंग आधी मनातल्या मनात वाचले. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात पुनरुक्ती जाणवली. तेच दळण, तेच कांडण, शेणी वेचणं, पाणी भरणं आणि प्रत्येक कामात मदतीला आलेला विठ्ठल. मग मोठ्याने म्हणून पाहिले, तेव्हा चित्र पालटलं. मोठ्या अभंगाची बांधणी बघा. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. चौथा चरण आखूड का? तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. जात्याचा खुंटा धरलेल्या बाईला ती जागा लागतेच. छापील पानावर जी पुनरुक्ती वाटली, ती म्हणताना हाताची फेरी झाली.

आमच्या मनावरचा ठसा भक्तीपेक्षा थकव्याचा आहे. देव कामाला येतो, ही कल्पना गोड आहे खरी. पण देवाला यावं लागतं, कारण दुसरं कुणी येत नाही. ही बाई विठ्ठलाला आळवते तशी खडसावतेही. ते भांडण घरच्या माणसाशी करावं तसं आहे.

इथे एक सावधगिरी. 'जनी' ही नाममुद्रा असलेला प्रत्येक अभंग एकाच हातचा आहे, असं धरून चालता येत नाही. परंपरेत रचना मिसळत जातात. म्हणून आपला ठसा त्या रचनेबद्दल असावा, त्यातून जनाबाईंचं चरित्र बेतू नये. आणि ही परंपरा संपलेली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या ऐकायला मिळाल्या तर जरूर ऐका. त्यानंतर जनाबाई पुन्हा वाचल्या तर वेगळ्या वाटतील.

कथा-कादंबरी : काळ समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो

आता बी. रघुनाथ. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३, गाव सातोना, म्हणजे आज जालना जिल्ह्यात गेलेला भाग. परभणीत सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली. १९५३ साली, वयाच्या अवघ्या चाळिशीत गेले. एवढ्या आयुष्यात कविता, कथा, कादंबऱ्या आणि ललित निबंध असं चारही बाजूंनी लिहिलं. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे कार्यक्रमाला गेलेले पुष्कळ भेटतात. 'त्यांचं काय वाचलंत?' असं विचारलं की मात्र बहुतेक जण गप्प होतात.

त्यांच्या पुस्तकांची नावंच एकापुढे एक ठेवून बघा. 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल', आणि दुसरीकडे 'अलकेचा प्रवासी', 'काळी राधा'. साकी फारसी-उर्दू कवितेतली, अलका कालिदासाच्या मेघदूतातली, आणि छागल म्हणजे प्रवासात पाणी न्यायची पिशवी. एकाच माणसाच्या शब्दकोशात हे सगळं कसं आलं? तर निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिलं जायचं. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि मागे संस्कृत काव्याची परंपरा, अशा तिहेरी वातावरणात हा लेखक लिहीत होता. पेशकार, गिरदावर हे शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कालपरवापर्यंत होते. त्यांना बी. रघुनाथांच्या मराठीत परकं काही वाटलं नसतं.

वाचताना काय झालं ते सांगतो. पहिली चाळीस-पन्नास पानं आम्हाला जड गेली. भाषा अलंकृत आणि वाक्यं वळणं घेत जाणारी. आजच्या वाचकाला वाटतं, अहो, मुद्द्यावर या की. पण कादंबरी ही भाड्याच्या घरासारखी आहे. आठ दिवस राहिल्याशिवाय कुठल्या खिडकीतून वारा येतो ते कळत नाही. पुढे गेल्यावर त्या अलंकारांच्या आड बसलेला पांढरपेशा माणूस दिसायला लागतो. पगार तुटपुंजा, स्वप्नं मोठी, डोक्यावर संस्थानी राजवट आणि पलीकडे महायुद्धाची महागाई. 'म्हणे लढाई संपली' या शीर्षकातला 'म्हणे' हा एक शब्द किती बोलतो ते बघा. लढाई संपल्याचं कुणीतरी सांगतंय, पण सामान्य माणसाची संपलेली नाही.

इथे वाचकाने मागायचं ते हे, की आपण ज्या काळात नव्हतो त्या काळात मला राहू द्या. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, हे आपण शाळेत शिकतो. त्या तारखेच्या आधी आणि नंतर परभणीतल्या कारकुनाला सकाळी उठून काय वाटत असेल, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. ते कथा-कादंबरीत शोधायचं असतं.

कविता : एका शब्दाशी थांबणं

तिसरं पुस्तक इंद्रजित भालेराव यांचं 'पीकपाणी', १९८९ सालचं. भालेराव मूळचे वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे, पुढे परभणीत प्राध्यापक. या संग्रहाचं नावच बघा. 'काय पाव्हणं, पीकपाणी कसं काय?' हा गावाकडचा खुशाली विचारायचा शब्द. शहरात 'तब्येत कशी आहे' विचारतात, गावात पीकपाणी विचारतात, कारण ते बरं असेल तर बाकीचं बरं असतं.

आमच्यातल्या काहींना या कविता सोप्या वाटल्या. लय लोकगीताची, शब्द रोजचे. मग यात कवितापण काय? त्याचं उत्तर ऐकणाऱ्यांनीच दिलं. ज्या श्रोत्यांनी आयुष्यात एकही कवितासंग्रह विकत घेतलेला नाही, ते या कविता ऐकताना मान डोलावतात आणि मधेच गप्प होतात. त्यांच्या ओळखीचा शब्द ते पहिल्यांदा छापील पुस्तकातून ऐकत असतात. 'कुळंबिणीची कहाणी' वाचताना तर जनाबाईंच्या जात्याचा आवाज मागे ऐकू येतो. सातशे वर्षं गेली, जातं गेलं, पण राबणाऱ्या बाईसाठी लागणारी लय राहिली.

कविता सलग वाचू नये, हा आमचा अनुभव. दिवसाला दोन पुरे. एका बैठकीत संग्रह संपवला तर सगळ्या कविता सारख्या वाटतात, आणि तो दोष कवितेचा नसतो.

दीर्घकथा : सुटका नसलेलं वाचन

चौथं पुस्तक आसाराम लोमटे यांचं 'आलोक'. या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोमटे सेलू तालुक्यातले आणि पेशाने पत्रकार. पत्रकाराच्या कथा म्हटल्यावर आपण बातमी शोधायला जातो. कर्ज किती, आत्महत्या कशाने, दोषी कोण? या कथा तसं उत्तर देत नाहीत. बातमी जिथे संपते तिथून त्या सुरू होतात.

त्या लांबीने मोठ्या आहेत, आणि ती लांबी लागतेच. छोटी कथा एका झटक्यात संपते, कादंबरीत मधे विसावा मिळतो. दीर्घकथा एका बैठकीत वाचावीशी वाटते, पण बसल्या जागी अस्वस्थ करते. गावातली सत्ता कशी चालते, जात कुठे बोलते आणि कुठे न बोलता काम करते, दबलेला माणूस मान वर करू लागला की भोवतालचे लोक कसे वागतात, हे एका प्रसंगात दाखवता येत नाही. ते हळूहळू आवळत न्यावं लागतं.

आमचा ठसा असा, की गाव म्हणजे निसर्ग आणि साधी माणसं, ही शहरात बसून केलेली कल्पना इथे टिकत नाही. भालेरावांच्या कवितेतलं गाव आणि लोमट्यांच्या कथेतलं गाव यांत अंतर फारसं नाही. पण कविता गाव आठवते आणि कथा गाव तपासते. दोन्ही खरं आहे. एकच वाचणाऱ्याला अर्धं गाव कळतं.

वैचारिक लेखन : भांडण्यासाठी वाचायचं

पाचवे नरहर कुरुंदकर. जन्म १५ जुलै १९३२, गाव कुरुंदा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलं. पुढे नांदेड ही कर्मभूमी झाली. 'जागर', 'शिवरात्र', 'मागोवा', 'रूपवेध', आणि मराठी कादंबरीचा विचार करणारं 'धार आणि काठ' ही त्यांची पुस्तकं. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. ती पत्ररूप आहे, आणि त्या पत्रात शिवाजी महाराजांकडे कसं पाहावं याची चर्चा आहे. कादंबरी आवडलेले आणि नावडलेले, दोन्ही वाचक ती प्रस्तावना वेगळी काढून वाचतात.

कुरुंदकर मुळात बोलणारे. त्यामुळे पानावरही समोर माणूस बसल्यासारखं वाटतं. ते आधी विरुद्ध बाजू मांडतात, आणि इतकी नीट मांडतात की आपल्याला तीच पटू लागते. मग एकेक खिळा काढत जातात. असं लेखन वाचताना हातात पेन्सिल हवी. पटलं तिथे नाही, जिथे पटलं नाही तिथे खूण करायची. आमच्या गटात सर्वात मोठ्या आवाजातल्या चर्चा यांच्याच पुस्तकांवर झाल्या. वैचारिक पुस्तक वाचून सगळ्यांचं एकमत झालं, तर ते नीट वाचलं गेलं नाही असं आम्ही समजतो.

कामाचं पुस्तक : साहित्यात न मोजलेलं

शेवटचा प्रकार ऐकून काहींना हसू येईल. परभणीत १८ मे १९७२ ला कृषी विद्यापीठ सुरू झालं, आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखलं जातं. विद्यापीठाची कृषी दैनंदिनी, पुस्तिका, शिफारशींची पत्रकं ही जिल्ह्यातल्या अनेक घरांतली खरी वाचली जाणारी छापील पानं आहेत. 'परभणी क्रांती' ही भेंडी किंवा 'परभणी मोती' ही ज्वारी शेतापर्यंत पोहोचली, त्यात या पानांचाही हात आहे.

अशा पुस्तकाचा ठसा कशाने मोजायचा? ते वेळेवर सापडलं का, त्यातलं वाक्य एकदाच वाचून कळलं का, आणि त्याप्रमाणे केलं तर नुकसान झालं नाही ना. पेरणीच्या तोंडावर चुकीचं समजलेलं एक वाक्य पूर्ण हंगामाला भोवतं. कवितेत दोन अर्थ निघाले तर आपण कौतुक करतो. औषधाच्या मात्रेच्या ओळीत दोन अर्थ निघाले तर पीक जातं. भाषेची ही जबाबदारी आम्हाला सगळ्यात जास्त याच पुस्तिकांनी शिकवली.

आता सगळं एकत्र बघू. अभंग तोंडाने म्हणायचा, कादंबरीत राहायचं, कवितेशी थांबायचं, दीर्घकथेतून पळ काढायचा नाही, वैचारिक पुस्तकाशी भांडायचं आणि कामाच्या पुस्तकाला नेमकेपणाचा जाब विचारायचा. 'पुस्तक आवडलं नाही' असं म्हणण्याआधी, आपण ते त्याच्या रीतीने वाचलं का, एवढं स्वतःला विचारा. विचारूनही आवडलं नाही, तर खुशाल तसं सांगा. लेखक आपल्या जिल्ह्याचा आहे म्हणून भीड धरू नका. न वाचता वाहिलेल्या हारापेक्षा वाचून केलेली तक्रार लेखकाच्या जास्त कामाची.

एक विनंती करून थांबतो. आज ज्यांची नावं घेतली त्यांतलं एक पुस्तक या महिन्यात वाचनालयातून काढा. बी. रघुनाथांचं मिळालं तर उत्तम. शिक्का मारायच्या कागदावर मागची तारीख किती जुनी आहे तेवढी बघा, आणि तिच्याखाली तुमची तारीख पडू द्या. आता प्रश्न घेऊ.