ग्रहण नव्हे, रुबेला : मोहिमेतून सुटलेल्या मुलींचे काय?

नांदगाव-मनमाडच्या वस्त्यांमध्ये काम करताना एक वाक्य आजही कानावर येते : "पोटुशी असताना हिने ग्रहण पाळलं नाही, म्हणून बाळ असं झालं." बाळाला जन्मतः मोतीबिंदू असो, बहिरेपणा असो की हृदयात दोष, बोट आईकडेच दाखवले जाते. जन्मजात दोषांची कारणे अनेक असतात. पण या तिन्ही दोषांमागचे एक कारण विज्ञानाला नक्की माहीत आहे आणि ते टाळताही येते. ते म्हणजे रुबेला.

रुबेला हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. हलका ताप, अंगावर पुरळ, कानामागे गाठी आणि काही दिवसांत आराम. अनेकांना तर लक्षणेही दिसत नाहीत. मात्र गरोदरपणाच्या सुरुवातीला संसर्ग झाला, तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. पहिल्या बारा आठवड्यांत बाळाला इजा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. गर्भपातही होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध १९४१ मध्ये दाखवून दिला.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. वयोगट होता ९ महिने ते १५ वर्षे. म्हणजे २००३ च्या अखेरीपूर्वी जन्मलेल्या बहुतेक मुली त्याबाहेर राहिल्या. आज त्याच बाळंतपणाच्या वयात आहेत. शिवाय नोव्हेंबर हा ऊसतोडीचा हंगाम. आईबापाबरोबर फडावर गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलींना ती लस मिळाली का, हे घरोघरी विचारल्याशिवाय कळणार नाही.

देशातील सहा रुग्णालयांत २०१७ मध्ये गरोदर स्त्रियांची तपासणी झाली. सुमारे ८३ टक्के स्त्रियांमध्ये रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली. उरलेल्या, म्हणजे साधारण सहापैकी एक, असुरक्षित होत्या.

"मला लहानपणी गोवर येऊन गेलाय," असे अनेकजणी सांगतात. पण गोवर आणि रुबेला हे वेगवेगळे विषाणू आहेत. एक होऊन गेला म्हणून दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. आणखी एक धोका आहे. मुलांचे लसीकरण वाढले की विषाणू कमी फिरतो, त्यामुळे लस न मिळालेल्या मुली संसर्गाशिवाय मोठ्या होतात आणि नेमक्या गरोदरपणात त्याच्या तावडीत सापडू शकतात. लसीकरण अर्धवट राहिलेल्या ग्रीसमध्ये १९९३ साली असेच घडले. म्हणून अर्धवट लसीकरण चालत नाही.

काय करावे?

लस घेतल्याची नोंद नसेल, तर गरोदर राहण्याआधी डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. रक्ताच्या आयजीजी तपासणीतून प्रतिकारशक्ती कळते. लसीनंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. गरोदरपणात ही लस देत नाहीत, पण बाळंतपणानंतर, अंगावर पाजतानाही ती घेता येते. नकळत गरोदरपणात घेतली गेली, तर केवळ त्या कारणाने गर्भपात करू नये. बाळाला ९ ते १२ महिन्यांत आणि १६ ते २४ महिन्यांत असे दोन्ही डोस द्यावेत.

बाळांना ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. नियमित कार्यक्रमात मोठ्या स्त्रियांसाठी मात्र तिची सोय नाही. त्यांना खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात हा खर्च नेहमी मागे पडतो. वयामुळे सुटलेल्या स्त्रियांना ही लस मोफत मिळावी, ही मागणी महिला मंडळांनी, विहार समित्यांनी आणि ग्रामसभांनी ठराव करून आरोग्य विभागाकडे पाठवली पाहिजे.