विश्लेषण : ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ चार दशकांनंतरही ताजे का?

नागपूरकर कवी सुरेश भट यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा स्वर. १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटातील हे गाणे आजही मैफलींतून हमखास गायले जाते. बहुतेक श्रोते त्याला भावगीत समजतात. प्रत्यक्षात ती नियमांत काटेकोर बसलेली गझल आहे. त्या नियमांचा आणि गाण्याच्या लोकप्रियतेचा संबंध काय, याचा हा वेध.

गाणे कोणत्या चित्रपटासाठी?

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारित आहे. पटकथा विजय तेंडुलकर यांची. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन पती आणि लहान मुलीला मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून काम पत्करते. आश्रमातील गैरव्यवहारांशी तिची टक्कर होते. घरी परतल्यावर तिथेही आपली जागा उरलेली नाही, हे तिला कळते. चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सुबह’ या नावाने तो हिंदीतही झाला. विषय रोखठोक, मांडणी वास्तववादी. अशा चित्रपटात गाण्यांना जागा कमीच असते. तरीही सुलभाचा एकटेपणा सांगण्यासाठी दिग्दर्शकाने गाण्याचा आधार घेतला.

हे त्रिकूट जमले कसे?

‘उंबरठा’ ही त्यांची पहिली भेट नव्हती. पटेल यांच्याच ‘सिंहासन’मध्ये (१९७९) भटांची ‘उषःकाल होता होता’ ही रचना हृदयनाथांनी संगीतबद्ध केली होती आणि आशा भोसले यांनी ती गायली होती. तिथे संतापाचा निखारा होता, इथे विरहाची हुरहुर. चित्रपटाबाहेर ‘मालवून टाक दीप’, ‘मेंदीच्या पानावर’, ‘तरुण आहे रात्र अजुनी’ अशा गीतांतून भट-मंगेशकर जोडी रसिकांच्या ओळखीची झालेलीच होती. त्यामुळे भटांचा शब्द कुठे थांबतो, कुठे वळतो, हे संगीतकाराला नेमके माहीत होते.

ही गझल कशी ओळखायची?

गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात. त्याच्या दोन्ही ओळी एकाच यमकावर संपतात. पुढच्या प्रत्येक शेरात पहिली ओळ मोकळी असते आणि दुसरी ओळ त्या यमकाकडे परतते. यमकाचा बदलणारा भाग म्हणजे काफिया आणि त्यामागून न बदलता येणारा शब्द म्हणजे रदीफ. या गाण्यात ‘गात’, ‘रात’, ‘आरशात’, ‘पारिजात’ हे काफिये आहेत आणि ‘आहे’ हा रदीफ. मतला आणि त्यानंतर तीन शेर, अशी गायलेली रचना आहे. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता म्हणूनही उभा राहतो.

लय इतकी सहज का वाटते?

‘हवाहवासा’ हा शब्द सलग चार वेळा म्हणून पाहावा. लघु, गुरू, लघु, गुरू, गुरू म्हणजेच ‘लगालगागा’. या गझलेची प्रत्येक पूर्ण ओळ याच तुकड्याच्या चार आवर्तनांची आहे. २० अक्षरे आणि ३२ मात्रा, एकही इकडची तिकडे नाही. दोन आवर्तनांनंतर म्हणजे बरोबर मध्यावर श्वासाला जागा मिळते.

हे वृत्त जुने आहे. अमीर खुसरो यांच्या नावावर असलेली, फारसी आणि हिंदवी मिसळलेली ‘जिहाल-ए-मिस्कीं’ ही प्रसिद्ध गझल याच लयीत आहे. तिच्या सुरुवातीचा धागा घेऊन गुलजार यांनी ‘गुलामी’ (१९८५) चित्रपटासाठी गाणे लिहिले, तेही याच लयीत. ते गाणाऱ्यांतही लता मंगेशकर होत्या.

भटांचे कौशल्य असे की, या मोजमापाचा काच मराठीला कुठे जाणवत नाही. ‘सुन्या’, ‘तुझ्या’, ‘सख्या’ या शब्दांत जोडाक्षर असले तरी आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून ते अक्षर लघुच राहते. पुस्तकी नियमापेक्षा बोलण्यातला उच्चार त्यांनी प्रमाण मानला. ओळी घरात बोलल्यासारख्या वाटतात त्या यामुळे.

चालीला या रचनेचा काय फायदा?

मतला हा आयता मुखडा असतो. शेराची पहिली ओळ यमकातून मोकळी असल्याने चालीला वर जायला, ताणायला वाव मिळतो. दुसरी ओळ ‘आहे’वर येऊन टेकते आणि ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखे वाटते. शेर स्वतंत्र असल्याने चित्रपटाची कथा त्यात सांगावी लागत नाही. सुलभाचे नाव किंवा आश्रम यांचा थेट उल्लेख गाण्यात नाही. म्हणूनच ‘उंबरठा’ न पाहिलेल्यालाही ते आपले वाटते. बोलणारी स्त्री आहे, हे मात्र मराठी क्रियापद लपू देत नाही. तक्रार, आठवण आणि भास या तिन्ही अवस्था ती बोलून जाते. लताबाईंनी त्यात रडवेपणा येऊ दिला नाही.

मराठी गझलेसाठी हे यश महत्त्वाचे का?

माधव जुलियन यांनी ‘गज्जलांजली’ (१९३३) मधून फारसी वृत्ते मराठीत आणली होती. पण गझल म्हणजे निव्वळ वृत्त नव्हे, शेराची स्वायत्तता आणि काफिया-रदीफ यांचे बंधन म्हणजे गझल, हा आग्रह भटांनी धरला. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या आणि पुढे नागपुरात स्थिरावलेल्या या कवीने त्यासाठी हयात वेचली. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’ हे संग्रह दिले. ‘गझलेची बाराखडी’ लिहून नियम सोप्या मराठीत मांडले. नवोदितांना पत्रांतून दुरुस्त्या कळवल्या. त्यातून गझलकारांची एक पिढी तयार झाली. बाराखडी मोजक्या लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचली. गाण्याने मात्र तोच साचा असंख्य कानांत रुजवला, तोही नियमांचे नाव न घेता.

लोकप्रियतेची दुसरी बाजू कोणती?

गाणे जितके गाजले, तितका कवी मागे पडला. ‘लताबाईंचे गाणे’ ही त्याची ओळख झाली. भट म्हणजे चांदणे आणि विरह, असा समजही पक्का झाला. प्रत्यक्षात ‘एल्गार’मधला कवी व्यवस्थेला जाब विचारणारा आहे. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या भटांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वाहिलेली ‘भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना’ ही रचनाही त्यांचीच, हे ती गाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. २०१० मध्ये संगीतकार कौशल इनामदार यांनी शेकडो गायकांकडून गाऊन घेतलेल्या मराठी अभिमानगीताचे शब्दही त्यांचेच.

१४ मार्च २००३ रोजी भटांचे निधन झाले. नागपूरच्या रेशीमबागेत २०१७ पासून त्यांच्या नावाचे भव्य सभागृह उभे आहे. तिथे होणाऱ्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत निवेदकाने गायिका आणि संगीतकाराबरोबर कवीचेही नाव घेतले आणि ही गझल आहे एवढे एक वाक्य जोडले, तरी श्रोत्यांना त्यांच्या आवडत्या गाण्याची खरी ओळख होईल.