वजनाच्या ऑपरेशननंतर ताटातला पहिला तुकडा कोणाला?

जयंतीच्या निमित्ताने विहारात भरलेल्या आरोग्य शिबिरात एक ताई आल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले होते. नोकरीतल्या विम्यामुळे खर्च निघाला, नाहीतर लाखांच्या घरातली ती रक्कम आपल्यापैकी किती जणांना झेपणार? ११२ किलोंवरून त्या ८१ वर आल्या होत्या. साखरेची गोळी बंद झाली होती, जिना चढताना गुडघा धरावा लागत नव्हता. वस्तीतल्या बाया त्यांना घेरून विचारत होत्या, "ताई, काय जादू केली?" पण आमच्या टेबलाशी त्या बसल्या त्या वेगळीच तक्रार घेऊन. कंगव्यात केसांचा पुंजका येतो. संध्याकाळी पाय सुजतात, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो. पाण्याची कळशी उचलायची तर दंडात जोर नाही.

"जेवता काय?" असे विचारल्यावर त्या हसल्या. "भूकच लागत नाही हो. दोन घास खाल्ले की बास."

त्या दोन घासांचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. सकाळी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे. अकराच्या सुमारास अर्धी चपाती, भाजी. दुपारी चार चमचे भात आणि वरचे वरचे पातळ वरण. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत खारी. रात्री अर्धी भाकरी रश्शात कुस्करून. या सगळ्यातून प्रथिने, म्हणजे आपण ज्याला प्रोटीन म्हणतो ती, मिळत होती जेमतेम १५ ग्रॅम. अशा ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतात, काहींना ८० पर्यंत. म्हणजे ताईंच्या शरीराला रोज गरजेच्या चौथा हिस्सा मिळत होता. उरलेली तूट शरीर स्वतःच्याच स्नायूंतून काढते. काट्यावरचा आकडा खाली जातो, पण त्यात चरबीसोबत दंड-मांड्यांचे मांसही जाते.

असे का होते, ते घरातल्या सगळ्यांनीच समजून घ्यायला हवे. आपल्याकडे जास्त होणारे ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये तर जठराची वरची पिशवी लहान वाटीपेक्षाही छोटी ठेवतात आणि आतड्याचा काही भाग वगळून जोडणी करतात. स्लीव्हमध्ये कापलेल्या भागातच भूक लावणारे एक संप्रेरक मुख्यतः तयार होते. म्हणून भूक मरते ती मनाची नव्हे, शरीराचीच. 'भूक लागेल तेव्हा खाईन' हे इथे चालत नाही. पहिले वर्षभर तरी घड्याळ बघून खावे लागते, औषध घेतल्यासारखे.

आता जागा एवढीशी, आणि तिच्यात पहिल्यांदा भात किंवा भाकरी गेली तर संपले. मागून अंडे आले तरी ते ठेवायला जागा नाही. त्यामुळे क्रम बदलावा लागतो. आधी अंडे, मासा, खिमा, घट्ट डाळ किंवा दही. मग भाजी. जागा उरलीच तर भाकरीचा तुकडा. आपल्या जेवणात भाकरी ही मुख्य आणि कोरड्यास तोंडी लावायला. ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय उलटी करायची म्हणजे सोपे नाही, हे मान्य.

पण ताईंच्या बाबतीत अडचण नुसत्या सवयीची नव्हती. त्यांच्या घरी रविवारी मटण होते, मधल्या वारी अंडाकरीही होते. मग त्यांच्या वाट्याला काय येते? "पोरं जेवतात, ह्यांचं होतं, सासूबाईंचं होतं. मग मी रस्सा घेते. मला कुठं जास्त जातंय आता!" म्हणजे ऑपरेशनच्या आधीही फोडी दुसऱ्यांच्या आणि रस्सा ताईंचा, आणि ऑपरेशननंतर तर रस्सा घ्यायला आणखी एक कारण मिळाले. मटणाच्या रश्शात चव असते, तेल-तिखट असते, प्रथिने नावापुरती. तीच गोष्ट वरणाच्या पाण्याची. पायाच्या सुपावर आपल्या लोकांचा मोठा विश्वास आहे. ते पचायला हलके, घशाला बरे, पण त्यातली प्रथिने अपुऱ्या प्रतीची असतात. स्नायू राखायला एकट्या सुपाचा भरवसा धरू नये.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकोने नवऱ्याच्या बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे, असे सांगितले होते. ते आपण भाषणांत दरवर्षी सांगतो. त्याच घरात आजारी बाईने सगळ्यांच्या मागून, उरले तर खायचे, ही रीत मात्र कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही. ऑपरेशन झालेला माणूस पुरुष असेल तर त्याचा डबा वेळेवर भरला जातो, हे मी पाहिले आहे. म्हणून या पानावर मी रुग्णापेक्षा घरच्यांशी जास्त बोलते आहे. भांडे चुलीवरून उतरले की पहिली वाटी तिची काढून ठेवा. ती वाटी लहानच असते, कोणाचे काही कमी होत नाही.

आता वाटीत काय घालायचे. अंड्यासारखी सोय दुसरी नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, आणि एका वडापावच्या पैशांत जवळपास दोन अंडी येतात. उकडून कुस्करलेले किंवा मऊ भुर्जी केलेले अंडे बहुतेकांना सोसते. मासा त्याहून मऊ. मांदेली, बोंबील, जो स्वस्त मिळेल तो, काटे नीट काढून. कोंबडीचा छातीचा कोरडा तुकडा मात्र पुष्कळांना अडकतो. छातीत दाटते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, शेवटी उलटी होते. एकदा असे झाले की माणूस मांसालाच भिऊन बसतो. त्याऐवजी कोंबडीचा खिमा कुकरमध्ये शिजवून रश्शासकट मऊ करावा. कलेजी स्वस्त मिळते, मऊ शिजते आणि तिच्यात लोह व बी-१२ ही दोन्ही भरपूर असतात. वजडी कितीही आवडती असली तरी चिवट, ती पहिल्या वर्षात नको.

आपल्या आजी-आज्या मांस वाळवून चान्या करून ठेवत, अडीनडीला त्याच उपयोगी पडत. मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले आणि समाजाने ते सोडले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता. पुढे २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि काही घरांतले परवडणारे मांस ताटातून गेले. वाळवण मात्र अजून आपल्या स्वयंपाकघरात आहे, सुक्या मासळीच्या रूपाने. वाळलेल्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिने असतात. बोंबील किंवा जवळा कोमट पाण्यात दोनदा धुऊन मीठ काढावे, मऊ शिजवून बारीक करावे. दोन-तीन चमचे पुरतात. रक्तदाब असलेल्यांनी मिठाकडे जास्त लक्ष द्यावे. शेजारच्यांना वास येतो म्हणून लाजायचे कारण नाही.

विपश्यनेनंतर मांसाहार सोडलेली कुटुंबेही आपल्यात आहेत. त्यांचे काम थोडे अवघड, अशक्य नाही. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढल्या की त्यांचा खिमा होतो. २० ग्रॅम कोरड्या वड्यांत १० ग्रॅम प्रथिने. डाळ घ्यायची तर चमचा उभा राहील इतकी घट्ट. फुटाण्यांचे पीठ करून ताकात कालवता येते. दुधाचा कप २०० मिलिलिटरचा धरला तर ६ ग्रॅमच्या वर, आणि त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन चमचे घातली की आणखी ५. दुधाने पोट बिघडत असेल तर दही घ्यावे. शेंगदाण्यात प्रथिने आहेत, पण तेलही तितकेच भरलेले, म्हणून मूठ-मूठ नको.

हॉस्पिटलमधून सुटताना ताईंना प्रोटीन पावडरचा डबा लिहून दिला होता. तो महिन्यात संपला. दुसरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून नवऱ्याने दुकानातून लहान मुलांचे चॉकलेटी पावडरचे डबे आणले. बिचाऱ्यांनी प्रेमाने आणले, पण अशा बऱ्याच डब्यांत १०० ग्रॅममागे प्रथिने दहाच्या आत आणि साखर त्याच्या कितीतरी पट असते. बायपास झालेल्याने इतकी साखर घेतली तर घाम, धडधड, जुलाब, चक्कर असा त्रास सुरू होऊ शकतो. डब्याची पुढची बाजू पाहू नका, मागचा तक्ता वाचा. घरात शिकणारे पोर असेल तर त्याला वाचायला लावा.

असा दिवस जोडून पाहिला. सकाळी एक अंडे, दहाला पावडर घातलेले दूध, दुपारी मासा किंवा खिमा अर्धी वाटी, चारला फुटाण्याचे पीठ आणि दही, सातला सोयाचा खिमा, झोपण्याआधी दोन अंड्यांचे पांढरे. बेरीज ५५ च्या पुढे जाते. थोडी घट्ट डाळ कुठे बसवली की ६०. सहा वेळा खायचे, दरवेळी वीस-तीस मिनिटे, बारीक चावून. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबायचे. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने प्यावे. पण दिवसभरात घोट-घोट करून दीड लिटर गेलेच पाहिजे. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको.

ताईंची आणखी एक अडचण होती आणि ती त्यांनी हळू आवाजात सांगितली. त्या पौर्णिमेला अष्टशील घेतात, वर्षावासात तर आठवड्यालाही. दुपारी बारानंतर अन्न नाही. ज्याच्या पोटात एका वेळी चार घास मावतात त्याने ६० ग्रॅम प्रथिने सकाळच्या सहा तासांत कशी घ्यायची? घेताच येत नाहीत. आजारी भिक्खूंसाठी विनयातच सवलती आहेत. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच भेषज्ये त्यांना दुपारनंतरही घेता येतात. आणि पोटाच्या आजाराने एकटाच पडून राहिलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदांच्या मदतीने स्वतः धुतले, ती कथा आपण विहारात ऐकतो. भन्तेजींशी मोकळेपणाने बोला. पंचशील पाळायला कोणतेही पोट आड येत नाही.

काही लक्षणे मात्र घरी सोसायची नसतात. दोन दिवसांच्या वर उलट्या थांबत नसतील तर लगेच डॉक्टरांकडे जा. उलट्यांमुळे बी-१ जीवनसत्त्व संपते, मग दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे येतात. ही आणीबाणी आहे, उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. पाय सुजणे वाढत असेल तर रक्त तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरांनीच ठरवायचे, वरचा हिशेब त्यांच्यासाठी नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभराच्या आहेत, 'आता बरे वाटते' म्हणून बंद करायच्या नाहीत. तरुण भगिनींनी पहिले वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळावे. केसांचे म्हणाल तर वजन झपाट्याने उतरले की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते गळतातच. खाणे सुधारले की बहुतेकांचे परत येतात. महागड्या तेलावर पैसे घालवू नका, तेवढ्यात अंडी येतील.

ताईंच्या मुलीने आता कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोजची बेरीज लिहायला सुरुवात केली आहे. पहिल्या आठवड्यात ३० च्या आसपास होती, मग ३८, गेल्या आठवड्यात ४७. रविवारी सासूबाईंनी स्वतः खिम्याची वाटी आधी काढून ठेवली आणि झाकण घातले, नातवाने हात लावू नये म्हणून. पुढच्या तपासणीला जाताना ताई कॅलेंडरचे ते पान फाडून सोबत नेणार आहेत. तुमच्या घरी कोणाचे असे ऑपरेशन झाले असेल तर तुम्हीही तसे पान घेऊन जा. 'नीट खाते' एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, आकड्यांवरून कळते.