नळाचे पाणी : जड म्हणजे दूषित नव्हे

वसतिगृहात नव्याने दाखल होणाऱ्या मुलांचे पालक आम्हाला प्रथम जेवणाविषयी विचारतात आणि त्यानंतर पाण्याविषयी. ‘गुरुजी, इथले पाणी जड आहे का? मुलाला मुतखडा तर होणार नाही ना?’ हा प्रश्न सोलापुरात नवा नाही. घराघरांतील पातेल्यांच्या तळाशी पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ लवकर शिजत नाही. हे डोळ्यांना दिसते म्हणून त्याची भीती वाटते. जे दिसत नाही त्याची भीती मात्र वाटत नाही आणि खरा धोका तेथेच असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय थोडा सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरविले.

सोलापूर शहराला पाणी मुख्यत्वे तीन ठिकाणांहून मिळते : उजनी धरणातून जलवाहिनीने, उजनीतून सोडलेले पाणी भीमेच्या पात्रातून टाकळीला उचलून, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. एकरुख तलाव 1871 मध्ये पूर्ण झाला, तर उजनी धरण 1980 मध्ये. उजनीत येणाऱ्या भीमेला वरच्या भागात मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी मिळते आणि त्यासोबत पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते. म्हणून आपल्या नळाच्या पाण्याचे दोन गुण वेगवेगळे तपासावे लागतात : त्यातील क्षार आणि त्यातील जंतू.

प्रथम क्षारांचा विचार करू. आपला प्रदेश काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. पावसाचे पाणी या खडकांतून व मातीतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. विंधन विहिरीचे पाणी खडकांच्या सहवासात अधिक काळ राहते, म्हणून ते बहुधा नळाच्या पाण्याहून जड असते. शालेय पुस्तकांत यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता अस्थायी असते. पाणी उकळले की ते क्षार साका होऊन खाली बसतात. पातेल्यातील पांढरा थर तो हाच. क्लोराइड व सल्फेटमुळे आलेली दुष्फेनता उकळून जात नाही. चादरी व टॉवेल रंगविणाऱ्या या शहरातील कारागिरांना हा भेद पुस्तकाविनाही ठाऊक असतो, कारण जड पाण्यात रंग सारखा बसत नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता प्रतिलिटर 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने तर दुष्फेनतेसाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. मुतखड्याचे एक मोठे कारण कमी पाणी पिणे हे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या शहरात जड पाण्याच्या धास्तीने मूल कमी पाणी पिऊ लागले, तर भीतीच अपाय करील.

आता जंतूंचा विचार. येथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. मधल्या काळात वाहिनी रिकामी राहते. ती कोठे फुटलेली असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर घाण पाणी आत शिरते. नळाला थेट मोटार लावल्यास हे शोषण आणखी वाढते. शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीनयुक्त निघालेले पाणी अशा रीतीने घराच्या दारात दूषित होऊ शकते. हगवण, कावीळ, विषमज्वर हे आजार अशा पाण्यातून पसरतात. ते पाणी मृदू असेल, स्वच्छ दिसेल, चवीलाही गोड लागेल.

काही विक्रेते दारात येऊन पाण्यात विजेच्या तारा बुडवितात, पाणी तांबूस-काळे होते आणि ‘पाहा, किती घाण’ असे सांगतात. तो रंग पाण्यातील घाणीचा नसून मुख्यतः लोखंडी कांडी झिजून निघालेल्या गंजाचा असतो. विरघळलेले क्षार मोजणारा मीटर जंतू मोजत नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. घरगुती आर.ओ. यंत्र क्षार काढते, पण प्रत्येक लिटरमागे बहुधा दोन-तीन लिटर पाणी वाया घालविते. थंडगार जारचे पाणीही केवळ थंड आहे म्हणून शुद्ध नसते. मजुरी करून मुलांना शिकविणाऱ्या पालकांनी पांढऱ्या थराला भिऊन कर्ज काढण्याचे कारण नाही.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. गाळल्याने कचरा व बारीक जीव निघतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. परंतु डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू मारण्यासाठी पाणी खळखळून उकळावे, अथवा वेष्टनावरील प्रमाणानुसार क्लोरीन द्रावण टाकून अर्धा तास थांबावे. नळ सुरू होताच येणारे पहिले पाणी धुण्यासाठी वापरावे. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. साठवणीची पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. पाण्याला वास वा रंग आल्यास आरोग्य खात्याकडे ओ.टी. चाचणीची मागणी करावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, न आला तर नाही. मानकानुसार नळाच्या पाण्यात प्रतिलिटर निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असले पाहिजे. ही मागणी एकट्याने करण्यापेक्षा गल्लीने मिळून करावी, कारण वाहिनी सर्वांची एकच असते.

सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांना आम्ही एक छोटा प्रयोग सांगतो. तीन सारख्या बाटल्यांत नळाचे, विंधन विहिरीचे व उकळून गाळलेले पाणी समप्रमाणात घ्यावे. प्रत्येकीत साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजून टाकावेत, हलवावे आणि टिकाऊ फेसाला किती थेंब लागले ते लिहून ठेवावे. मग घरच्यांना सांगावे : ‘याने जडपणा कळला, शुद्धता नव्हे.’ एवढे एक वाक्य मुलाने घरी समजावून दिले, तरी त्या घरातील पाणी पुष्कळ सुरक्षित होईल.