शाळेचा हिशेब आपणही विचारूया

३० सप्टेंबरला सण नाही की जयंती नाही, त्यामुळे ही तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. पण ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात त्या आईबापांनी ती घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावी, असे आम्हांला वाटते. त्या दिवशीचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरते.

आमच्या तालुक्यातील एका वस्तीशाळेत हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पहिली ते पाचवीची शाळा, पटावर ६३ मुले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पर्यंत तीन शिक्षक असे कोष्टक आहे. त्याप्रमाणे तीन शिक्षक होतेही. परंतु राज्याने २०२२-२३ पासून संचमान्यतेसाठी आधारशी जुळलेली मुले मोजण्याचे धोरण घेतले आणि येथे चौघांची नोंद जुळेना. एकाची जन्मतारीख वेगळी, एकीच्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, दोघा भावांचे आधार काढलेलेच नव्हते. ६३ मधून चार गेले, राहिले ५९. तिसऱ्या बाई अतिरिक्त ठरल्या व दुसऱ्या गावी गेल्या. आता पाच इयत्तांना दोन शिक्षक. त्यांतले एक पंचायत समितीच्या बैठकीला गेले की पाचही वर्ग एका खोलीत. आईबापांना हे कळले कधी? बाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा!

आम्ही दिवसभर कचेरीत आकड्यांचीच हमाली करतो. बी. कॉम. झालो ते ताळेबंद मांडूनच. तरी या शाळेचा पट आम्ही कधी विचारला नव्हता, ही आमचीही चूक. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च आपण विहारासमोर फळ्यावर लावतो. पाच रुपये देणाराही तो वाचतो, चूक दिसली तर भांडतो. शाळेच्या बाबतीत मात्र आपण मुलाचे बोट सोडले की मोकळे.

बाबासाहेबांनी तसे केले नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचा हिशेबच सरकारपुढे मांडला. शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च, आणि दारूच्या अबकारीतून माणशी उत्पन्न २ रुपये २ आणे ९ पै. जेवढे अबकारीतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले.

हिशेब विचारण्याचा हक्क आज कायद्यानेच दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. अनुदान कसे खर्च झाले यावर नजर ठेवणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे ही या समितीची कामे. प्रत्यक्षात काय होते? आपली एखादी भगिनी सदस्य असते. तिच्या घरी वही येते, ती सही करते, वही परत जाते. त्या वहीत काय लिहिले होते असे आम्ही एकीला विचारले, तर ती म्हणाली, "भाऊ, चुलीवर भाकर होती."

समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्याचे दर पटावर ठरतात : ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. रक्कम कधी आली, पूर्ण आली का, मुलींच्या संडासाला पाणी का नाही, हे विचारायला पदवी लागत नाही. पोषण आहाराचे तर आपल्या भगिनींना कोणी शिकवायलाच नको. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. ६० मुले जेवली तर सहा किलो. आज डब्यातून किती काढला, हे स्वयंपाक करणारी मावशी न वजन करता सांगते.

मुलींच्या उपस्थिती भत्त्याबद्दलही लिहिलेच पाहिजे. १९९२ साली पहिली ते चौथीच्या गरीब मागासवर्गीय मुलींसाठी दिवसाला एक रुपया सुरू झाला. तीस वर्षे उलटली तरी तो एक रुपयाच राहिला. या काळात सरकारी नोकरांचा महागाई भत्ता कितीदा वाढला ते आमच्यासारख्या कारकुनाला चांगले ठाऊक आहे.

पट आणि हजेरी यांतला फरकही पाहावा. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पटावरची वीस लाखांच्या आसपास मुले वर्गात आढळली नाहीत. त्यांत खोटी नावे पुष्कळ होती. पण मराठवाड्यात खरी मुलेही नाहीशी होतात. सप्टेंबरअखेर मोजलेला मुलगा दिवाळीच्या सुमारास कोयत्याच्या मागे कारखान्यावर जातो. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती आपल्या गावात वेळेवर सुरू होते का, हेही समितीच्या वहीत पाहावे.

परीक्षेच्या निकालाविषयी फार लिहीत नाही. मूल तिसरीत गेले की जेवणानंतर त्याला वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला सांगा. निकाल तेथेच कळतो.

यंदा ऑगस्टमध्येच आम्ही त्या वस्तीशाळेत गेलो. सात महिला आल्या होत्या. गुरुजींनी पट पुढे ठेवला, एकेक नाव मोठ्याने वाचले, प्रत्येकीने पिशवीतून आधार काढून ताडून पाहिले. तिघांच्या नोंदी महिनाभरात दुरुस्त झाल्या. राहिला दोघा भावांतला धाकटा. आई ऊसतोडीला गेली असताना त्याचा जन्म झाला आणि त्याची नोंद दूर पश्चिम महाराष्ट्रातील एका ग्रामपंचायतीत आहे. येत्या रविवारी रात्रीच्या एस.टी.ने आमच्यापैकी दोघे निघतील, म्हणजे सोमवारी कचेरी उघडताच दाखला मागता येईल.